ऑनलाइन दुकान आणि मुक्त सॉफ्टवेअर : एक पारख

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे, म्हणून तो का निवडला ते आधी सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे पुस्तकांची विक्री वर्षातून दोनदा जोरात होते. एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि दुसऱ्यांदा मुंबईला चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला. त्या दिवसांत पुस्तकांच्या स्टॉलवर उभे राहावयास जागा मिळत नाही. उरलेल्या दिवसांत तीच पुस्तके पेट्यांमध्ये पडून असतात, आणि एखाद्या खेड्यातील विद्यार्थ्याला ऐन गरजेच्या वेळी पुस्तक मिळत नाही. आपल्या भगिनींच्या बचत गटांचीही तीच गत आहे. पापड, कुरडया, तिखट, तुरीची डाळ यांना प्रदर्शनात गिऱ्हाईक मिळते; प्रदर्शन उठले की विक्री थांबते. तेव्हा संस्थेने ऑनलाइन दुकान उघडावे, अशी सूचना काही सभासदांनी केली. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, असेही सांगण्यात आले. ते खरे आहे. परंतु फुकट मिळणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरांपैकी कोणते घ्यावे आणि ते कसे पारखावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतील कारकून. संगणकशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण कर्जाचा अर्ज आला की अर्जदाराचा चेहरा पाहून निर्णय घ्यावयाचा नसतो, कागद पाहावयाचे असतात, ही सवय नोकरीने लावली आहे. सॉफ्टवेअरही तसेच पाहावे. त्याचा चेहरा, म्हणजे रंगीत पडदा, सर्वांचाच छान असतो. कागद कोणते पाहावयाचे, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या सॉफ्टवेअरचे काम समजून घेऊ. त्याला शॉपिंग कार्ट म्हणतात. कार्ट म्हणजे खरेदीची टोपली. गिऱ्हाईक वस्तू निवडतो, टोपलीत टाकतो, पत्ता देतो, पैसे भरतो आणि जातो. पण गल्ल्यामागे दुकानदाराच्या ज्या वह्या असतात, त्या सर्वांचे काम हे सॉफ्टवेअर करते. मालाची यादी व किमती, शिल्लक साठा, कराचा हिशेब, टपालखर्च, आलेल्या ऑर्डरी आणि गिऱ्हाईकांचे पत्ते. यातील एक वही जरी चुकीची निघाली, तरी दुकान बसते. म्हणून पारख वह्यांची करावयाची आहे.

आता ‘ओपन सोर्स’ या शब्दाकडे वळू. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. त्या सूचनांचा मूळ मजकूर जेव्हा सर्वांना वाचावयास, बदलावयास आणि दुसऱ्यास द्यावयास मोकळा असतो, तेव्हा ते ओपन सोर्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर होय. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि त्यातून पुढे जीपीएल नावाचा परवाना आला. या परवान्याखालचे सॉफ्टवेअर घेऊन सुधारलेली प्रत ज्याला द्याल, त्याला मूळ मजकूरही त्याच अटीवर द्यावा लागतो. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे तिकडे बराच घोटाळा होतो. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, तेव्हा आपण घोटाळा करण्याचे कारण नाही. आपल्याला हवे आहे ते मुक्त. ते फुकटही मिळते, ही दुसरी गोष्ट.

मुक्त असण्याचे महत्त्व मूर्तिजापूरच्या माणसाला समजावून सांगण्यासाठी दूर जावयास नको. आपली शकुंतला सर्वांना आठवते. मूर्तिजापूरहून एक मार्ग यवतमाळला, एक अचलपूरला. अडीच फूट रुंदीचे रूळ. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन गेले आणि डिझेलचे आले. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी किलिक निक्सन या मूळच्या ब्रिटिश कंपनीच्या गटाकडेच राहिली. गाडी चालवावयाची भारतीय रेल्वेने, प्रवास करावयाचा वऱ्हाडातील गोरगरिबांनी आणि मोबदला द्यावयाचा कंपनीला. मार्ग जुना झाला, गाड्यांचा वेग उतरला आणि पुढे गाडी बंद पडली. गाडी बंद पडण्याची कारणे अनेक असतील. पण ज्या रुळांवर आपले रोजचे जीवन चालते, ते रूळ दुसऱ्याचे असले म्हणजे दुरुस्तीचा अधिकारही आपल्या हाती राहत नाही, एवढे आपण डोळ्यांनी पाहिले. भाड्याने घेतलेल्या बंद सॉफ्टवेअरवर दुकान उभारणे थोडेफार तसेच आहे. मासिक भाडे वाढले किंवा सेवाच बंद झाली, तर आपण काहीच करू शकत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रूळ आपले असतात. मात्र रूळ आपले झाले की दुरुस्तीही आपली होते, हे विसरून चालणार नाही.

या क्षेत्रात नावे पुष्कळ आहेत. जुन्यांपैकी ऑस-कॉमर्स हे २००० साली जर्मनीत सुरू झाले. त्याचीच प्रत घेऊन काही मंडळींनी २००३ साली झेन कार्ट काढले. फ्रान्समधून २००७ साली प्रेस्टाशॉप आले. अमेरिकेतील व्हेरियन कंपनीने २००८ साली मॅजेन्टो आणले. ओपनकार्ट आहे. वर्डप्रेसवर चालणारे वू-कॉमर्स हे २०११ साली जिगोशॉप नावाच्या सॉफ्टवेअरची प्रत घेऊन तयार झाले आणि २०१५ साली ते ऑटोमॅटिक कंपनीकडे गेले. आपल्या देशातही काम झाले आहे. नोएडाच्या वेबकुल कंपनीचे बॅगिस्टो आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा आणि खरेदी-विक्री सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर असून त्याला दुकानाचा भाग जोडता येतो.

ही नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात येते. एकाने काम सोडले किंवा मतभेद झाले, की दुसरा तीच प्रत घेऊन पुढे जातो. परवाना त्याला ती मोकळीक देतो. बंद सॉफ्टवेअरची कंपनी बुडाली, तर तिच्याबरोबर गिऱ्हाईकही बुडतो. येथे निदान दोरी हातात राहते.

आता कसोट्यांकडे येऊ. आम्ही सात कसोट्या मानतो.

पहिली कसोटी देखभालीची. कोणतेही सॉफ्टवेअर निर्दोष नसते. दोष सापडल्यावर ते तयार करणारे काय करतात, हे पाहावे. जुलै २०२१ मध्ये वू-कॉमर्समध्ये एक गंभीर दोष सापडला. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती निघाली, तीही केवळ नव्या आवृत्तीसाठी नव्हे तर जुन्या अनेक आवृत्त्यांसाठी, आणि कित्येक दुकानांत ती आपोआप बसवली गेली. याउलट मॅजेन्टोच्या पहिल्या पिढीची देखभाल ३० जून २०२० रोजी अधिकृतपणे थांबली. दुसऱ्या पिढीत जाणे म्हणजे जवळजवळ नवे दुकान बांधणे होते, म्हणून अनेकांनी चालढकल केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका शनिवार-रविवारच्या सुमारास सुमारे दोन हजार मॅजेन्टो दुकाने फोडली गेली, त्यांतील बहुतेक या जुन्या पिढीची होती. गिऱ्हाईक कार्डाचा क्रमांक टाइप करीत असतानाच तो चोरून नेणारा मजकूर त्या दुकानांत घुसवण्यात आला होता. अर्थात जुन्या पिढीची प्रत घेऊन ओपनमेज नावाने काही लोकांनी देखभाल पुढे चालूही ठेवली. पण ज्यांनी लक्षच दिले नाही, त्यांना मुक्तपणाचा उपयोग झाला नाही. म्हणून सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी शेवटची आवृत्ती केव्हा निघाली, सुरक्षेच्या दुरुस्त्या किती लवकर येतात आणि आपली आवृत्ती किती वर्षे सांभाळली जाणार आहे, हे पाहावे.

दुसरी कसोटी पैशाची. येथे आम्ही जरा घरच्या मैदानावर आहोत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाईकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवता येत नाही. तेव्हा पैसे भरण्याच्या वेळी गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या पानावर जावा आणि कार्डाचा क्रमांक आपल्या संगणकाला दिसूही नये, अशीच रचना निवडावी. भारतातील मोठे गेटवे प्रमुख सॉफ्टवेअरांसाठी जोड-भाग विनामूल्य देतात. तो आहे की नाही, हे आधी पाहावे. त्यानंतर एक प्रयोग करावा. गेटवेमध्ये चाचणीची सोय असते, तीत खरे पैसे जात नाहीत. पैसे भरल्याबरोबर मोबाईलचे नेट बंद करावे. आपल्याकडे हे प्रत्यक्षात नेहमी घडते. गिऱ्हाईकाचे पैसे कापले गेले आणि दुकानात ऑर्डर अपूर्ण दिसली, तर भांडण ठरलेले. चांगल्या जोडणीत गेटवे स्वतःच दुकानाला मागाहून निरोप पाठवतो आणि ऑर्डर पूर्ण होते. हा निरोप येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर किंवा तो जोड-भाग नापास करावा. बँकेत दिवसअखेर रोख जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. दुकानातही ऑर्डरी आणि खात्यात आलेली रक्कम रोज ताडून पाहता आली पाहिजे.

याच कसोटीत साठ्याचाही प्रयोग करावा. एका पुस्तकाची एकच प्रत शिल्लक ठेवावी आणि दोन मोबाईलवरून दोघांनी ती एकाच वेळी मागवावी. काय होते ते पाहावे. वू-कॉमर्समध्ये पैसे न भरलेल्या ऑर्डरीसाठी माल किती मिनिटे राखून ठेवावयाचा, हे ठरवता येते. मुळात ती मुदत ६० मिनिटांची असते. एक प्रत दोघांना विकली जाणे छोट्या संस्थेला परवडत नाही. दोन ओळींच्या दिलगिरीने गेलेला विश्वास परत येत नाही.

तिसरी कसोटी टपालाची. परदेशात बनलेली सॉफ्टवेअरे आपल्या टपालाचा विचार करून बनलेली नाहीत. पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केले आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तर ५ किलोपर्यंत १०० रुपये दर असून कर वेगळा आहे. म्हणजे खर्च वजनावर ठरतो. तेव्हा टोपलीतील मालाचे एकूण वजन करून त्यानुसार टपालखर्च लावणे सॉफ्टवेअरला जमले पाहिजे. ओपनकार्ट, प्रेस्टाशॉप आणि मॅजेन्टो यांत वजनानुसार दर लावण्याची सोय मुळातच आहे. वू-कॉमर्समध्ये मुळात सरसकट दर असतो. वजनाच्या दरासाठी जोड-भाग बसवावा लागतो. शिवाय पापडाचे पार्सल ज्ञान पोस्टाने जाणार नाही, त्याचा दर वेगळा. पुस्तक आणि पापड एकाच टोपलीत आले तर सॉफ्टवेअर काय करते, हे प्रत्यक्ष ऑर्डर देऊनच कळते.

चौथी कसोटी कर आणि कायद्याची. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. पापडावरही नाही. मोकळ्या डाळीवर नाही, पण लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर ५ टक्के आहे. तिखटावर ५ टक्के आहे. म्हणजे चार वस्तूंना चार नियम. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र कर लावता येत नसेल, असे सॉफ्टवेअर आपल्या कामाचे नाही. त्यातही केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नसते. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकावयाचा असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. वऱ्हाडातून मध्य प्रदेश फार दूर नाही. बऱ्हाणपूरच्या गिऱ्हाईकाने तिखट मागवले आणि आपली नोंदणी नाही, तर ती ऑर्डर घेताच येऊ नये, असा अडसर सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो काय, हे विचारावे. याबाबत कर सल्लागाराचे मत घेऊनच पाऊल उचलावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दुकानावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करावे लागते. गिऱ्हाईकाच्या संमतीच्या चौकटीत आपणच आधी खूण करून ठेवणेही या नियमांना मान्य नाही. पाकीटबंद वस्तूची कमाल किंमत व निव्वळ वजन पानावर दिसले पाहिजे. गिऱ्हाईकांचे पत्ते व फोन क्रमांक सांभाळण्याबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आहे. तेव्हा वस्तूच्या पानावर हवे ते रकाने वाढवता येतात काय आणि जुन्या गिऱ्हाईकाची माहिती त्याच्या मागणीवरून पुसता येते काय, हे दोन प्रश्न यादीत लिहून घ्यावेत.

पाचवी कसोटी भाषेची. ही आपल्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. आपले अनेक गिऱ्हाईक मराठीतच वाचणार. ‘टोपलीत टाका’, ‘पैसे भरा’ ही बटणे मराठीत करता आली पाहिजेत. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे. इतर सॉफ्टवेअरांत भाषांतराची फाईल आपण स्वतः तयार करू शकतो, कारण ती मुक्त आहेत. पण खरी अडचण पुढे, बिलाच्या वेळी येते. पडद्यावर नीट दिसणारी मराठी छापील बिलाच्या पीडीएफमध्ये मोडते, कारण पीडीएफ बनवणाऱ्या काही भागांना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ही तपासणी करण्यासाठी आपल्या गावाचे नावच पुरेसे आहे. ‘मूर्तिजापूर’ या शब्दात रफार आहे, ऱ्हस्व वेलांटी आहे आणि दोन दीर्घ उकार आहेत. पत्त्यात मूर्तिजापूर ४४४१०७ असे लिहून बिल छापावे. वेलांटी पुढे सरकली किंवा रफार तुटून सुटा ‘र्’ उमटला, तर बिलाचा तो भाग बदलावा. ज्याला आपल्या गावाचे नाव लिहिता येत नाही, त्याला आपल्या गिऱ्हाईकाचे नावही लिहिता येणार नाही.

सहावी कसोटी बाहेर पडण्याच्या वाटेची. दुकानात शिरताना बाहेर पडण्याचा विचार कोणी करीत नाही. पण उद्या हे सॉफ्टवेअर सोडावयाचे झाले, तर मालाची यादी, गिऱ्हाईक आणि जुन्या ऑर्डरी बरोबर नेता येतात काय? वू-कॉमर्स आणि मॅजेन्टो यांत मालाची यादी साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये बाहेर काढण्याची सोय आहे. ओपनकार्टमध्ये संपूर्ण माहितीची प्रत काढून ठेवण्याची सोय आहे. चाचणीच्या काळातच दहा वस्तू भरून त्या बाहेर काढाव्यात आणि दुसऱ्या संगणकावर पुन्हा आत घालून पाहाव्यात. बाहेर काढलेली प्रत पुन्हा उघडून पाहिली नाही, तर ती प्रत आहे असे आम्ही मानत नाही.

सातवी आणि सर्वांत मोठी कसोटी माणसाची. आमच्या मते पहिल्या सहा कसोट्या याच कसोटीवर उभ्या आहेत. खेड्या-शहरांत नेहमी असे होते की, एखादा हुशार मुलगा उत्साहाने संस्थेचे संकेतस्थळ तयार करतो. संकेतस्थळाचे नाव तो स्वतःच्या ईमेलवर घेतो, पासवर्ड त्याच्या डोक्यात असतो. पुढे त्याला पुण्याला नोकरी लागते. त्यात त्याचा दोष काहीच नाही, नोकरी लागलीच पाहिजे. पण वर्षाचे भाडे भरावयाचे राहते, दुरुस्त्या बसवावयाच्या राहतात आणि एके दिवशी संकेतस्थळ बंद पडते. सॉफ्टवेअर मुक्त होते, तरीही दुकानाला कुलूप लागले. संत गाडगेबाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातील दापुऱ्याला गेले. त्यांचा खराटा रोजचा होता, सणासुदीचा नव्हता. सॉफ्टवेअरची देखभालही रोजच्या खराट्यासारखी आहे. म्हणून कोणते सॉफ्टवेअर उत्तम, असे न विचारता, कोणते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसे मूर्तिजापूर, अकोला, अमरावती येथे मिळतील, असे विचारावे.

आता थोडा हिशेब. संकेतस्थळाचे नाव आणि जागेचे भाडे मिळून वर्षाला ६,००० रुपये लागतात, असे धरू. महिन्याला ५०० झाले. २५० रुपयांच्या पुस्तकावर संस्थेला २० टक्के, म्हणजे ५० रुपये सुटतात, असेही धरू. गेटवेने २ टक्के आकार घेतला, तर ५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० पैसे, असे ५ रुपये ९० पैसे जातात. टपालखर्च गिऱ्हाईकाकडून वेगळा घेतला आणि त्यावरील गेटवेचा किरकोळ आकार सोडून दिला, तर हाती ४४ रुपये १० पैसे उरतात. म्हणजे महिन्याला १२ पुस्तके विकली, तरच भाडे निघते. तेराव्या पुस्तकापासून सुटणारी सर्व रक्कम संस्थेचा लाभ. हा आकडा भीती वाटावी असा नाही, पण तो शून्यही नाही. आणि यात सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेची किंमत धरलेली नाही. सॉफ्टवेअर फुकट असले तरी दुकान फुकट चालत नाही, हे सभासदांनी वर्गणी देण्यापूर्वी समजून घ्यावे.

मग आपण काय घ्यावे? मॅजेन्टो समर्थ आहे. २०१८ साली अडोबी कंपनीने ते सुमारे १६८ कोटी डॉलरला विकत घेतले, यावरून त्याची योग्यता कळते. पण त्याला मोठा सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो. शंभराच्या आत वस्तू असलेल्या आपल्या दुकानासाठी ते म्हणजे पोतेभर तुरीसाठी मालगाडी बोलावणे होईल. ईआरपीनेक्स्ट हिशेबाला उत्तम, परंतु संस्थेचा साठा आणि खरेदी वाढल्यावर त्याचा विचार करावा. बॅगिस्टो आपल्या देशातले आहे, पण ते सांभाळावयास लॅरावेल येणारा माणूस हवा. उरतात ओपनकार्ट आणि वू-कॉमर्स. दोन्ही साध्या भाड्याच्या जागेत चालतात, दोन्ही जीपीएल परवान्याखाली आहेत. टपालाच्या कसोटीवर ओपनकार्ट सरस ठरते. भाषेच्या आणि माणसाच्या कसोटीवर वू-कॉमर्स सरस ठरते, कारण वर्डप्रेस येणारा मुलगा किंवा मुलगी आता तालुक्याच्या गावीही सापडते. माणसाची कसोटी आम्ही सर्वांत मोठी मानली आहे, म्हणून आमचे मत वू-कॉमर्सच्या बाजूने आहे.

मात्र त्याला काही अटी आहेत. जोड-भाग कमीत कमी घ्यावेत. प्रत्येक जोड-भाग म्हणजे घराला आणखी एक दार, आणि प्रत्येक दाराला कडी लागते. वजनाच्या दराचा जोड-भाग निवडताना तो शेवटचा केव्हा सुधारला गेला, ते पाहावे. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर घ्यावे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. त्याप्रमाणे दुकानाचे अधिकार दोन व्यक्तींकडे वेगवेगळ्या नावांनी असावेत आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात संस्थेच्या कपाटात असावेत. आठवड्यातून एक वार ठरवून दुरुस्त्या बसवाव्यात. महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत काढून ती संस्थेत ठेवावी. हे कोणी केले, याची नोंद वहीत सहीनिशी व्हावी.

काही सभासद म्हणतील की, एवढा खटाटोप कशाला, मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर माल ठेवू. आमचा त्याला सरसकट विरोध नाही. ज्यांच्याकडे सांभाळावयास कोणीच नाही, त्यांनी भाड्याच्या जागेत बसणे शहाणपणाचे आहे. गिऱ्हाईकाची वर्दळ तेथे असते. परंतु तेथे गिऱ्हाईक कंपनीचा असतो, आपला नसतो. त्याचा पत्ता आपल्या वहीत राहत नाही, आणि दुकान हलवावे लागले तर तो आपल्याबरोबर येत नाही. ओएनडीसी हा मधला मार्गही पुढे आला आहे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने वेगवेगळी दुकाने व वेगवेगळी खरेदीची ॲप्स एकाच खुल्या नियमावलीने जोडण्याचे काम हाती घेतले. आपले दुकान स्थिर झाले, म्हणजे तिकडे पाहता येईल. वह्या आपल्याजवळ असतील, तर कोणत्याही बाजारात जाता येते.

शेवटी विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. तुमच्यापैकी तीन जणांनी, त्यांत निदान एक मुलगी असावी, हे काम शिकावे अशी आमची विनंती आहे. हे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयास कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही, पदवीही लागत नाही. त्याचा मूळ मजकूर उघडून वाचता येतो. एकेकाळी विद्येचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद होते, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. येथे दार उघडे आहे, आणि ते उघडे राहावे अशी परवान्यातच तरतूद आहे. तिघांनी मिळून सात कसोट्यांची चाचणी करावी, निकाल तक्त्यात लिहून कार्यकारिणीपुढे ठेवावा. आमचे मत चुकीचे ठरले आणि ओपनकार्ट सरस निघाले, तर संस्थेने तेच घ्यावे. तिघांपैकी एकाला नोकरी लागून तो बाहेरगावी गेला, तर त्याने जाण्यापूर्वी चौथ्याला शिकवून जावे, एवढी एकच अट. त्या अटीवर दुकान चालले, तर १२ पुस्तकांचा हिशेब अवघड नाही, आणि दर्यापूर किंवा कारंज्याकडच्या एखाद्या खेड्यातील विद्यार्थ्याला पुस्तकासाठी पुढच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत थांबावे लागणार नाही.

 एवढे बोलून आमचे भाषण संपवितो. जयभीम.